घरातलं इलिप्टिकल आणि कोकणातली हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या सामानात हल्ली इलिप्टिकलचा, म्हणजे दोन पेडलवर उभं राहून जागच्या जागी चालायच्या व्यायाम-मशीनचा, खोका दिसतो. मुलांनी आईवडिलांसाठी घेतलेला असतो, मनापासून घेतलेला असतो. पण त्यासोबतची पुस्तिका लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोरडी हवा, सपाट फरशी आणि न जाणारी वीज असते. आपल्याकडे खारा वारा, ऐंशी टक्क्यांच्या वरची दमट हवा, कौलारू घर आणि माळ्याला टेकणारं डोकं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रत्नागिरी जिल्ह्यात काम करते. गुडघे आणि कंबर घेऊन येणारी माणसं या मशीनबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

चालायला जातोच की आम्ही. मग हे मशीन कशाला?

चालता येत असेल तर चाला, ते सोडू नका. पण आपल्याकडचं चालणं सपाटीचं नसतं. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ती चढताना धाप लागते आणि उतरताना गुडघा कळ मारतो. जून ते सप्टेंबर तीच पाखाडी शेवाळाने निसरडी होते आणि साठी ओलांडलेला माणूस चार महिने घरात बसतो. त्या चार महिन्यांत मांड्यांची ताकद जी उतरते, ती भरून यायला पुढचा सगळा हिवाळा जातो. इलिप्टिकलचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

मशीनवर पाऊल पेडलवरून उचललंच जात नाही. धावताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर आदळतो, इथे तो आदळा नाही. असं मशीन १९९५ मध्ये अमेरिकेतल्या प्रीकॉर कंपनीने बाजारात आणलं, तेही सांध्यांना हादरा न बसता धावण्यासारखा व्यायाम व्हावा म्हणूनच. हातही सोबत हलत असल्यामुळे खांदे आणि पाठीला काम मिळतं.

एक गोष्ट मात्र हे मशीन देत नाही: तोल. पाय ठरलेल्या वाटेवरच फिरतात, बाजूला पडायची वेळच येत नाही. हाडांनाही चालण्याइतका भार मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस, भिंतीला धरून टाचा उचलणं आणि ओट्याला हात टेकवून एका पायावर उभं राहणं, एवढं जोडीला ठेवा.

मशीन पडवीत ठेवलं तर चालेल? तिथे वारा छान येतो.

वारा छान येतो, आणि त्याच वाऱ्यातून मीठ येतं. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत घर असेल तर उघड्या पडवीतल्या लोखंडी वस्तूचं काय होतं ते खिडकीच्या गजांकडे बघून कळेल. पावसाळ्यात भर म्हणून झड. झापं लावली तरी बारीक तुषार आत येतातच. मशीन माजघरात किंवा आतल्या खोलीत ठेवा, पण खिडकीसमोर, आणि डोक्यावर पंखा असेल अशा जागी. पागोळ्यांखालच्या भिंतीला ओल येते, त्या भिंतीपासून लांब.

आधी उंची मोजा. हे नव्वद टक्के लोक विसरतात असं म्हणणार नाही, पण खोका उघडल्यावर आठवलेली घरं मी पाहिली आहेत. पेडल सगळ्यात वर असताना माणूस मशीनवर साधारण बारा ते पंधरा इंच उंच होतो. उंची पाच फूट सात इंच, त्यात पंधरा इंच, वर डोक्याला मोकळी सहा इंच जागा: झाले सात फूट चार इंच. जुन्या घरात माळ्याची तुळई याच्या खाली असते. कौलांच्या उतरत्या बाजूला तर बसणारच नाही. मशीन घराच्या मध्यावर, आढ्याखाली न्यावं लागतं.

आजूबाजूला, निदान चढायच्या-उतरायच्या बाजूला, दोन फूट मोकळं ठेवा. पाठीमागे कणगी, पुढे कपाट, बाजूला शिलाई मशीन अशा फटीत घुसवलेलं मशीन वापरलं जात नाही, त्यावर टॉवेल वाळतात.

जमिनीबद्दल नीट सांगते. शेणाने सारवलेली जमीन पावसाळ्यात ओलसर होते, मशीनचे पाय एकेक करून रुततात आणि मशीन तिरकं होतं. तिरक्या मशीनवर एका गुडघ्यावर जास्त ताण पडतो आणि बेअरिंगही लवकर जातात. खाली पाऊण इंची मरीन प्लायचा तुकडा घाला, त्यावर रबरी मॅट. कोबा किंवा टाइल्स असतील तर फक्त मॅट पुरे. पावसाच्या आधीच्या दमट दिवसांत टाइल्सना घाम सुटतो, तेव्हा मॅटच्या खालीही पुसा. मशीनच्या पायांना फिरवून वर-खाली करायचे स्क्रू असतात, ते पाण्याच्या लेव्हलने नाहीतर पाण्याने भरलेल्या ताटलीने जुळवून घ्या. चारही पाय टेकले पाहिजेत.

आणि खोका घरात येणार कसा, तेही आधी ठरवा. घरगुती मशीनचा खोका पस्तीस-चाळीस किलोपासून साठ किलोच्या वर जातो. गाडी रस्त्यावर थांबते, पुढे पाखाडी. रस्त्यावरच खोका उघडून फ्लायव्हीलचा, म्हणजे आत फिरणाऱ्या वजनदार चाकाचा, जड भाग वेगळा आणि बाकी दांडे वेगळे असे आणले तर दोघा-तिघांत काम होतं. नट-बोल्टची पिशवी तेवढी खिशात ठेवा.

घेताना काय बघायचं?

पाऊल किती लांब पडतं ते. मशीनच्या माहितीत ते इंचात दिलेलं असतं. पाच फूट तीन इंचांच्या आतल्या माणसाला चौदा-सोळा इंच चालतात, त्याहून उंच असाल तर सोळा-अठरा, साडेपाच फुटांच्या बऱ्याच वर गेलात तर वीसपर्यंत. लांब माणसाने आखूड पावलाच्या मशीनवर चालायचं म्हणजे ती नुसती जिना चढल्यासारखी उठबस होते आणि गुडघ्याच्या वाटीवर येते. शक्य असेल तर चढून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मशीनवर लिहिलेली वजनाची मर्यादा आणि घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाचं वजन यात पंधरा-वीस किलोचं अंतर राहू द्या. व्यायामाच्या उपकरणांसाठी आयएसओ २०९५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात घरगुती वापराला ‘एच’ आणि जिमच्या वापराला ‘एस’ असे वर्ग आहेत. घरगुती मशीन वाडीतल्या सगळ्यांनी मिळून दिवसभर वापरायला बनवलेलं नसतं.

जुनं मशीन मिळत असेल तर वाईट नाही. पेडल हाताने हलवून बघा. बाजूला डगडगत असेल, किंवा क्रँकच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, सांध्यापाशी टक-टक जाणवत असेल, तर सोडून द्या. किनाऱ्यावरच्या घरातून येत असेल तर खालच्या बाजूला मोबाइलचा टॉर्च मारून वेल्डिंगच्या जागा बघा. वरचा रंग चकचकीत असतो आणि आत वेल्ड पोखरलेलं असतं.

विजेवर चालणारं घ्यावं की साधं?

कोकणासाठी माझं मत स्पष्ट आहे: हाताने गोल बटण फिरवून ताण कमी-जास्त करायचं, चुंबकीय रेझिस्टन्सचं साधं मशीन. त्याच्या छोट्या स्क्रीनला पेन्सिल सेल लागतात, बस्स. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगडमध्ये आणि दापोली-मंडणगड पट्ट्यात कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एवढं मोठं रोज होत नाही, पण पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाणं कुणाला नवीन आहे?

विजेचं मशीन आधीच घेतलं असेल तर अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट, मध्ये स्टॅबिलायझर, आणि मे अखेरच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढून ठेवणं. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

धडधाकट आहात, रोज घरची कामं करता, कुठलं औषध चालू नाही, तर हलक्या सुरुवातीला अडचण नाही. पण पुढचं काहीही असेल तर आधी दाखवा: चालताना किंवा चढताना छातीत दाब येतो, चक्कर येते, बीपी औषधानेही आटोक्यात नाही, हृदयाची झडप किंवा स्टेंटचं काही झालं आहे, मधुमेहात इन्सुलिन चालू आहे, नुकतं ऑपरेशन झालं आहे, गरोदर आहात. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी आपल्या सर्जनकडून तारीख घ्यावी.

मधुमेहाच्या माणसांनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, चढण्याआधी साखर बघावी. नव्वद-शंभरच्या खाली असेल तर आधी काही खाऊन घ्या. आणि उतरल्यावर पावलं उघडी करून तळव्यापर्यंत बघा. संवेदना कमी झालेल्या पायाला बुटात आलेला फोड कळत नाही.

पहिल्या दिवशी चढायचं कसं? आई घाबरते.

घाबरणं योग्य आहे, कारण पेडल पायाखाली हलतं. शेजारी उभं राहून असं शिकवा.

मधला न हलणारा दांडा दोन्ही हातांनी धरायला सांगा. हलणारी उंच हँडल पहिले काही दिवस विसरून जायची. चढायच्या बाजूचं पेडल पूर्ण खाली आणून ठेवा. त्यावर पहिला पाय, पाऊल पूर्ण टेकवून. वजन त्यावर आलं की मग दुसरा पाय पलीकडच्या वरच्या पेडलवर. आता लगेच चालायचं नाही, एक श्वास उभं राहायचं. मग वरच्या पायाने हळूच दाबायचं, पुढच्या दिशेने. पेडल फिरतं आणि चाल आपोआप लागते.

नजर समोर, पायाकडे नाही. पायाकडे बघितलं की मान वाकते, कंबर वाकते आणि सगळं वजन हातांवर येतं. गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत राहू दे, आत वळू देऊ नका. आपल्याकडे बऱ्याच बायकांचे गुडघे आत वळतात, त्यांना पावलं पेडलच्या बाहेरच्या कडेकडे सरकवून ठेवली की बरं वाटतं.

उतरणं जास्त महत्त्वाचं. पाय थांबवले तरी पेडल लगेच थांबत नाहीत, फ्लायव्हील त्यांना पुढे ओढतं. वेग कमी करत आणायचा, पूर्ण थांबायचं, एक पेडल तळाशी आहे याची खात्री करायची, मग वर असलेला पाय आधी जमिनीवर. हलत्या मशीनवरून उडी मारणाऱ्यांचे घोटे मुरगळतात.

रोज किती वेळ करायचं?

पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटं, दिवसाआड. बस. दम राहिला तरी उतरा. दुसऱ्या दिवशी मांड्या किती दुखतात ते बघून पुढे जा. दर आठवड्याला तीन-पाच मिनिटं वाढवत नेलीत तर दीड-दोन महिन्यांत अर्ध्या तासावर पोहोचाल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, नाहीतर ७५ ते १५० मिनिटं जोराचा. यात चालणं, आवारातलं काम, सगळं धरायचं. म्हणजे मशीनवर आठवड्यात पाच वेळा वीस मिनिटं आणि रोजचं थोडं चालणं केलंत तरी तुम्ही त्या आकड्यात बसता. अर्धा तास सलग जमत नसेल तर सकाळी दहा, संध्याकाळी दहा करा. शरीर हिशेब दोन्ही वेळचा धरतं.

ताण अगदी शून्यावर ठेवू नका. मग पेडल तुम्हाला फिरवतात, तुम्ही पेडलना नाही. दाबल्याचं जाणवेल, पण गुडघ्यात कळ येणार नाही, इतपत. महिना-दीड महिना झाल्यावर, दमाची किंवा हृदयाची तक्रार नसेल तर, एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं सावकाश अशा पाच-सहा फेऱ्या करून बघा. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं मात्र नेहमी सावकाश.

किती जोरात करतोय ते कसं ओळखायचं? हँडलवर नाडी दिसते तेवढी पुरे?

हँडलवरच्या धातूच्या पट्ट्या घामेजल्या हातांनी भलतेच आकडे दाखवतात. साधी कसोटी: करता करता घरातल्या माणसाशी वाक्यं बोलता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो जास्त.

आकडाच हवा असेल तर २२० मधून वय वजा करा. साठीच्या माणसाचे १६० येतात, आणि मध्यम जोर त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण १०२ ते १२२ ठोके. हा ढोबळ अंदाज आहे. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली, ठोके मंद करणारी गोळी चालू असेल तर ठोके तितके वाढत नाहीत, तिथे हे गणित लावायचं नाही. बोलण्याची कसोटीच खरी.

स्क्रीन म्हणते चारशे कॅलरी गेल्या. खरं आहे?

बहुधा नाही. कित्येक मशीनना तुमचं वजनसुद्धा ठाऊक नसतं. मध्यम जोराच्या इलिप्टिकलला ५ मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या पाचपट ऊर्जा; एक मेट म्हणजे किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी. पासष्ट किलोच्या माणसाने अर्धा तास केलं तर ५ गुणिले ६५ गुणिले अर्धा, म्हणजे १६० च्या आसपास कॅलरी. चारशेचा आकडा बघून जेवताना भात वाढवून घेतला की वजन तिथेच राहतं, आणि माणूस मशीनला दोष देतो.

एप्रिल-मेमध्ये पाच मिनिटांत घामाच्या धारा लागतात. म्हणजे व्यायाम चांगला होतोय ना?

नाही, आणि हे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. नुसता निथळून जमिनीवर पडणारा घाम अंग थंड करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. आपल्या हवेत इतकी वाफ असते की बरणीतलं मीठ ओलं होतं, दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळत नाहीत. तसाच अंगावरचा घामही वाळत नाही. आतली उष्णता आतच राहते आणि ती बाहेर टाकायला हृदय जास्त जोराने धावतं. म्हणून डिसेंबरमध्ये सहज होणारा अर्धा तास मेमध्ये तितकाच सहज होईल असं नाही, आणि झालाच पाहिजे असंही नाही.

मार्चनंतर वेळ बदला. सकाळी सहा-साडेसहाला, किंवा संध्याकाळी वारा सुटल्यावर. दुपारी बारा ते चार मशीनला हात लावू नका, कौलांखाली किंवा पत्र्याखाली तर नाहीच. पंखा समोरून अंगावर घ्या, नुसता छताचा पुरत नाही. ताण एक-दोन घरं उतरवा. पुण्याकडून किंवा घाटावरून सुट्टीला आलेल्यांनी पहिले आठ-दहा दिवस निम्म्यावरच करावं, शरीराला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पोटरीत गोळा आला किंवा अंगावर काटा आला तर लगेच उतरा, ओल्या पंचाने मान-काखा पुसा, पंख्याखाली आडवे व्हा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपते असं वाटलं तर दवाखाना. घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.

ऑक्टोबरही असाच. पाऊस सरल्याच्या आनंदात लोक जोरात सुरुवात करतात आणि दुपारच्या त्या उन्हात आजारी पडतात.

आधी आणि नंतर काय घ्यायचं?

रिकाम्या पोटी दहा-पंधरा मिनिटांचा हलका व्यायाम बहुतेकांना चालतो. त्याहून जास्त करायचं तर अर्धा-पाऊण तास आधी केळं किंवा वाटीभर पेज. मासळी-भाताच्या जेवणानंतर दीड-दोन तास थांबा.

नंतरसाठी आपल्या घरात आहे ते उत्तम आहे. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज पाणीही देते, मीठही देते. नाचणीची आंबील, ताक, कमी साखरेचं कोकम सरबत. बाटलीतलं रंगीत पेय विकत आणायची गरज मला दिसत नाही. शहाळ्याबद्दल एक सावधगिरी: त्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बीपी असेल तर पेजेत मीठही बेतानेच.

गुडघ्यांची झीज सांगितली आहे. करू की नको?

करा. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांतीने बरं वाटत नाही, मांडीचा स्नायू बळकट झाला की वाटतं. फक्त ताण कमी, पावलं सावकाश, वेळ थोडा. करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मागे गेलं, तर तेवढं चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखतंय किंवा गुडघा सुजलाय, तर पुढच्या वेळी निम्मं करा. गुडघा अडकतो, अचानक लटकतो किंवा गरम लागतो, तर मशीन बंद आणि तपासणी.

उलट्या दिशेने चालल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूला जास्त काम पडतं. ते चांगलं आहे, पण सरळ चाल सवयीची झाल्यावर, कमी ताणावर, एक-दोन मिनिटंच. वाटीखाली दुखणाऱ्यांनी टाळावं.

दहा मिनिटांत पावलं बधिर होतात.

पाऊल एकाच जागी दाबलं जातं म्हणून. लेस सैल करा, टाच टेकवा, पायाची बोटं आवळून पेडल धरायची सवय मोडा, दर चार-पाच मिनिटांनी पाऊल थोडं मागे-पुढे सरकवा. उतरल्यावरही मुंग्या राहत असतील तर दाखवा.

घरात चप्पल घालत नाही आम्ही. अनवाणी चालेल? आणि कपडे?

अनवाणी नको. पेडल खरखरीत असतं, घामाने तळवा सरकतो. एक जोड बूट फक्त मशीनसाठी, मशीनपाशीच ठेवा, बाहेर कधी घालायचे नाहीत. मग देवघर शेजारच्या खोलीत असलं तरी कुणाच्या मनाला लागत नाही.

साडी, पायघोळ गाऊन, लुंगी, ओढणी यातलं काहीही घालून चढू नका. क्रँकच्या सांध्यात पदर गेला की मशीन तो आत ओढतं. वयस्कर बायका पंजाबी ड्रेसला तयार होत नाहीत, तर घोट्याला घट्ट होणारी सलवार आणि आखूड कुर्ता शिवून घ्या. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत, वेणी बांधलेली.

मे महिन्यात आणि गणपतीला घर पोरांनी भरतं.

मग मशीनला कुलूप. खरंच. पेडल आणि दांड्याच्या सांध्यात लहान बोट गेलं तर ते चेंगरतं. एक पोर पेडलवर उभं असतं, दुसरं खाली बसून चाकात बघत असतं, आणि मोठी माणसं मोदकांच्या गडबडीत. सायकलची साखळी-कुलूप पेडल आणि मुख्य चौकटीतून घाला, ताण सगळ्यात जास्तीवर ठेवा, सेल काढा म्हणजे स्क्रीन लागणार नाही. शक्य असेल तर ती खोलीच बंद ठेवा. घरचं मांजर मशीनखाली झोपत असेल तर रोज चढण्याआधी वाकून बघायची सवय लावा.

गंज कसा थांबवायचा?

थांबत नाही, लांबवता येतो.

घाम खारट, वारा खारट. मीठ धातूवर बसतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि तिथे रंग फुगायला लागतो. रोज उतरल्यावर कोरड्या फडक्याने हँडल, दांडे आणि पेडलच्या कडा पुसा. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून मीठ काढा आणि लगेच कोरडं करा. नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ जात नाही, पसरतं.

मशीनवर प्लास्टिक घालून बांधून ठेवू नका. आत वाफ कोंडते, बुरशी आणि गंज दोन्ही होतात. जुनी सुती चादर पुरे.

रंगाचा पोपडा उडालेला दिसला तर त्याच दिवशी बारीक पॉलिश पेपर मारा, पुसा, प्राइमर आणि रंगाचा हात द्या. टिकलीएवढ्या जागेला नेलपॉलिशही चालतं. बोल्टच्या बाहेरच्या डोक्यांवर पावसाआधी ग्रीसचा पातळ थर द्या. रूळ आणि चाकं असलेल्या मशीनवर सिलिकॉन स्प्रे, पुस्तिकेत सांगितलं असेल तिथेच. खोबरेल नको, ते धूळ धरतं आणि चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो.

महिन्यातून एकदा सगळे बोल्ट पान्याने तपासा, नवीन मशीनचे पहिल्या दोन आठवड्यांतच. क्रँकचा बोल्ट सैल राहून वापरलं तर भोक मोठं होतं आणि मग कितीही आवळा, डगडग जात नाही. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, पाझरून आतल्या पट्ट्या खातात. आणि पावसाळ्यात मशीनखाली टॉर्च मारत जा: प्लायला वाळवी लागते, उंदीर वायरी कुरतडतो.

लावणीच्या दिवसांतही करायचं का?

नाही. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या शरीराला अजून व्यायाम नको. कंबर शेकून घ्या, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्या. लावणी संपली की परत सुरू करा, पण सोडलं होतं तिथून नाही, निम्म्यापासून.

लावणीनंतर ताप आला तर अंगदुखी कामाची आहे असं समजून बसू नका. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप, आपल्याकडे याच दिवसांत येतो. आधी रक्त तपासा, आणि ताप पूर्ण उतरून अंगात बळ येईपर्यंत मशीन बंद.

आई घरी एकटी असते. करताना काही झालं तर?

वेळ ठरवून घ्या आणि ती शेजारी सांगून ठेवा. त्या वेळेत पुढच्या दाराला आतून कडी लावायची नाही. मोबाइल मशीनच्या स्टँडवर ठेवा, चार्ज असलेला. फोनला रेंज फक्त ओटीवरच येत असेल, तर मशीनची जागा ठरवताना हे आधी बघा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं तर खाली बसायचं आणि १०८ लावायचा. पित्त झालं असेल म्हणून वाट बघायची नाही. रुग्णवाहिकेला वाडीचं नाव आणि रस्त्यावरची खूण सांगावी लागते. ती वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवा, आणि पाखाडीवरून उचलून न्यायला वाडीतलं कोण धावून येईल त्यांचे दोन फोन नंबर त्याच कागदावर खाली लिहा.